ला निना आला म्हणजे कडाक्याची थंडी? तसं नाही

ला निनाची चाहूल लागली की व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश फिरू लागतो: 'यंदा हाडं गोठवणारी थंडी!' हे खरं नाही. प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय भागातलं पाणी नेहमीपेक्षा थंड होतं, तो ला निना. त्याने आपल्याकडे थंडीची शक्यता थोडी वाढते, खात्री मिळत नाही. २०२२-२३चा हिवाळा आठवा. ला निनाचा तो सलग तिसरा हिवाळा, तरी फेब्रुवारी २०२३मध्ये देशाचं सरासरी कमाल तापमान १९०१पासूनच्या नोंदींत सर्वाधिक ठरलं.

नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा उतरतो तो वेगळ्याच साखळीने. भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात, म्हणजे पाऊस-बर्फ आणणारी वाऱ्यांची प्रणाली येते, हिमालयात बर्फ पडतो आणि झंझावात पुढे सरकला की उत्तरेचे कोरडे वारे महाराष्ट्रापर्यंत पोचतात. मध्येच बंगालच्या उपसागरावरून बाष्प आलं, तर आभाळ भरतं आणि रात्री उबदार होतात. जानेवारीतला झंझावात ऑक्टोबरात सांगता येत नाही. फार तर आठवडा-दहा दिवस आधी कळतो. म्हणूनच हवामान विभाग डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज निव्वळ शक्यतांच्या भाषेत देतो. द्राक्षबागायतदारांनो, पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या की नाही, हे त्या संदेशावरून कृपया ठरवू नका. जिल्ह्याचा पाच दिवसांचा कृषी हवामान सल्ला पाहा.