कल्पनेला आयटम कोड कधी? कोकणातल्या फळप्रक्रिया कारखान्यांतल्या वादाची पार्श्वभूमी

नव्या मालाची कल्पना सुचली की तिला लगेच सिस्टीममध्ये आयटम कोड (मालाचा ओळखक्रमांक) द्यावा, की माल पक्का ठरल्यावर, हा तो वाद. १९५५ च्या फळ उत्पादन आदेशाने परवाना आणि दर्जाचे आकडे आणले, पण नव्या मालाची नोंद बरीच वर्षं वहीतच राहिली. काजूच्या बोंडूची, म्हणजे काजूच्या फळाची, नोंद अशी: 'बोंडूचा रस, साबुदाण्याची खळ थोडी, चव बरी.' 'थोडी' म्हणजे किती, हे पुढच्या फाल्गुनात लिहिणाऱ्यालाही आठवत नसे. आणि बोंडू पुन्हा मिळतो तो वर्षानेच.

संगणक आला तो हिशेबाच्या खोलीतून. त्यामुळे आयटमची यादी बिलासाठी बनली, प्रयोगासाठी नाही. २०११ चे अन्न परवाना नियम आणि जुलै २०१७ चा जीएसटी यांनी कोड उघडणं आणखी जड केलं: खाद्यगट, एचएसएन (करासाठीचा मालाचा वर्गीकरण क्रमांक), कराचा दर, एकक. एवढं भरण्यापेक्षा कल्पना एक्सेलमध्ये बरी, असं सगळ्यांनाच वाटू लागलं.

खरा घोळ 'नवा माल' या शब्दाचा. कोकम सरबत ७०० मिलीऐवजी ५०० मिलीच्या बाटलीत भरलं, तर गोदामाला तो नवा माल, भट्टीला जुनाच. साखर कमी केली, तर भट्टीला नवा आणि बिलवाल्याला जुना. म्हणून पाककृतीचा कोड वेगळा आणि पॅकचा वेगळा हवा. हे न केल्याने एकाच सरबताच्या चार पाककृती सिस्टीममध्ये फिरतात.

कोड उशिरा द्यावा म्हणणाऱ्यांचा मुद्दा मेलेल्या, म्हणजे वापरात न राहिलेल्या कोडांचा: यादी फुगते, बिल करताना भलताच आयटम निवडला जातो. ते खरंच. पण कोडच नसेल तर चाचणीची १५ किलो साखर चालू सरबताच्या बॅचवर खर्ची पडते. महिनाअखेरीस सरबताची घट वाढलेली आणि चाचणीचा खर्च शून्य! घट दिसली की बोलणी खातो भट्टीवाला.

अलीकडे रुळलेली वाट मधली आहे. 'चा' या अक्षराने सुरू होणारी चाचणी मालिका, विक्री बंद, कच्चा माल उचलायला मोकळी. सोबत तारीख, फळाचा लॉट, ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं प्रमाण), आम्लता, वजनात साखर, उतारा (किती माल निघाला). मग ३०, ९० आणि १८० दिवसांनी राखीव बाटली उघडून शेरा. फसलेला कोड पुसायचा नाही, कारण लिहून गोठवायचा, म्हणजे यादीत ठेवून वापर बंद करायचा.

इथेही दोन चुका नेहमीच्या. स्क्वॅशचा कोड कॉपी करून तयार पेय उघडतात. स्क्वॅशला किमान २५ टक्के रस आणि ४० टक्के विद्राव्य घटक, तयार पेयाला दोन्ही किमान १० टक्के; पण जुनी मुदत आणि खाद्यगट तसेच लेबलवर छापले जातात. दुसरी एककाची: ६५ ब्रिक्सचा पाक लिटरला सुमारे १.३२ किलो भरतो. पाककृती किलोत, बाटली लिटरमध्ये आणि मधला गुणक १ ठेवला, की साठा जुळत नाही.

गोठवायचं कुणी, यावर मात्र अजून भांडण आहे. भट्टीवाले गोदामाकडे बोट दाखवतात, गोदाम हिशेबाकडे, आणि 'चा' मालिकेतले जुने कोड मिरगापर्यंत उघडेच राहतात.