प्रसूतिपश्चात नैराश्य आणि बाळंतिणीचा आधार (मराठवाडा)

बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत, कधी वर्षभरात केव्हाही, आईला जडणारा मनाचा आजार. सतत उदास वाटणे, कशातच मन न लागणे, लेकरू झोपले तरी आपला डोळा न लागणे, अन्नावरची वासना उडणे, लेकराबद्दल माया वाटत नाही म्हणून स्वतःलाच दोष देणे, जगणे नकोसे होणे ही त्याची लक्षणे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेकींना उगाचच येणारे रडू यापेक्षा वेगळे असते आणि पंधरवड्यात ते ओसरते. त्यानंतरही उदासी हटत नसेल, तर तो आजार आहे. भास होणे, भलतेसलते बोलणे, भान हरपणे हा आणखी गंभीर विकार हजारात एक-दोघींना होतो. त्यात त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. गावात याला अजूनही ‘बाहेरचं लागलं’ म्हणतात आणि मोलाचे दिवस अंगारे-धुपाऱ्यात जातात.

भारतातील ३८ अभ्यासांचा, एकूण २०,०४३ स्त्रियांचा आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यात या आजाराचे प्रमाण सुमारे २२ टक्के, म्हणजे पाच बाळंतिणींमागे एक, असे दिसले. गोव्यात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पैशांची ओढाताण, नवऱ्याशी बिनसलेले नाते आणि मुलगी होणे या गोष्टी आजाराशी जोडलेल्या आढळल्या. मराठवाड्यात या तिन्ही गोष्टी अनोळखी नाहीत.

आधाराची जुनी रीत इथे भक्कम आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते. बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशेपाची धुरी, अंग रगडून न्हाऊ घालणारी बाई, डिंकाचे नि अळिवाचे लाडू, पाचवीला सटवाईची पूजा, मग बारसे. ओल्या बाळंतिणीने थंड पाण्यात हात घालायचा नाही, जड उचलायचे नाही. (शेगडी मात्र दारे-खिडक्या बंद करून ठेवू नये, कोंडलेल्या धुराने जीव जातो.) रात्री लेकराला मांडीवर घ्यायला आई, आजी, भावजय असते. थकलेल्या बाईला सलग चार तास झोप मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे. पण या रीतीचा सगळा भर शरीरावर आणि लेकरावर. दूध पुरतं का, टाके भरले का, बाळ रात्री रडलं का, हे दहा जणी विचारतात. ‘तुला कसं वाटतं?’ हे विचारायचे राहून जाते. तिच्या डोळ्यांत पाणी आलेच, तर ‘रडू नको, दूध आटंल’ म्हणून तिला गप्प केले जाते. घर माणसांनी भरलेले असूनही बाळंतीण एकटी पडते ती अशी.

ऊसतोडीच्या घरांत तर ही रीतच मोडते. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर असते, खाडा पडला की पैसे कापले जातात. फडाशेजारच्या कोपीत बाळंत झालेली बाई काही दिवसांतच मोळ्या उचलायला लागते. तिने माहेरी जावे म्हटले, तर माहेरचीही माणसे अनेकदा दुसऱ्या कुठल्या कारखान्यावर असतात. गावात उरतात म्हातारी माणसं. तिच्या नावची नोंद गावच्या आशाताईंच्या वहीत आणि ती स्वतः दोनशे किलोमीटर लांब.

गावातच राहिलेल्या बाईचाही आधार एका ठरावीक वेळी सुटतो. सव्वा महिना झाला की विसावा संपतो. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताईंच्या सहा गृहभेटी ठरलेल्या असतात, त्यातली शेवटची ४२ व्या दिवशी. पुढची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. याच सुमारास अनेकजणी लेकरू घेऊन सासरी परततात आणि चूल, शेत, गुरे, पाणी सगळे पुन्हा अंगावर येते. आजार बळावण्याचा काळ हाच. लेकराच्या लशी मात्र दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असतात. आई तेव्हा स्वतःच्या पायांनी उपकेंद्रात येते आणि लेकराचे वजन होत असताना तिच्याशी दोन शब्द बोलता येतात.

अशा बोलण्याने खरोखर फरक पडतो. पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ग्रामीण भागात आरोग्यसेविकांना घरी जाऊन आईशी नेमके कसे बोलावे हे शिकवले गेले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आधी नैराश्य असलेल्या मातांपैकी सहा महिन्यांनंतरही आजारी राहिलेल्यांचे प्रमाण त्या गावांत २३ टक्के होते, तर इतर गावांत ५३ टक्के. या सेविका मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या. आजार जास्त असेल तर औषधे लागतात. त्यांतली काही अंगावर पाजतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात.

आजार ओळखण्यासाठी १९८७ साली तयार झालेली एडिंबरो प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या सात दिवसांविषयी दहा प्रश्न, एकूण गुण ३०. सासू आणि नवरा शेजारी बसलेले असताना बहुतेक बायका ‘बरं हाय’ एवढेच म्हणतात, म्हणून ती एकांतात विचारावी. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला ‘हो’ आले, तर बाकीचे गुण कितीही कमी असोत, तिला एकटी सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत.