शालेय परिसर आणि किशोरवयीन स्थूलता (गोवा)

शाळेत, फाटकाबाहेर आणि घर-शाळेच्या वाटेवर मुलांना काय खायला मिळते, किती चालायला आणि खेळायला मिळते, यांचा त्यांच्या वजनाशी असलेला संबंध. वजन वाढायला पोषक ठरणाऱ्या अशा परिसराला स्थूलताजनक परिसर म्हणतात. मूल खादाड किंवा आळशी आहे असे म्हणून विषय संपवण्याची आपली सवय या संकल्पनेपुढे टिकत नाही.

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे किशोरवय मानते. या वयात उंची आणि बांधा झपाट्याने बदलतो, म्हणून प्रौढांचा बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते दाखवणाऱ्या मापाचा, एकच ठरीव आकडा मुलांना लावत नाहीत. वय आणि लिंगानुसार केलेल्या तक्त्यावर मूल कुठे बसते ते पाहतात. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील सुमारे ५ टक्के किशोरवयीन मुले जादा वजनाची, तर २४ टक्के हडकुळी आढळली. एकाच बाकावर दोन्ही मुले बसलेली असू शकतात. गोव्यात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३६ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा स्थूल असल्याचे २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. मुले वाढतात ती याच घरांत.

गोव्यातल्या बहुतेक शाळा सकाळी आठच्या आसपास भरतात आणि दीडच्या सुमारास सुटतात. पेडणे किंवा सत्तरीतल्या आडगावचे मूल त्यासाठी सहाला उठते आणि चहा-बिस्किटावर घर सोडते. पूर्वी सकाळी दहाच्या सुमारास घरोघर पेज असे. ती वेळ आता मधल्या सुट्टीने घेतली आहे. त्या भुकेच्या क्षणी हाताशी जे असेल तेच पोटात जाते. उपाहारगृहाच्या काउंटरवर सामोसे आणि मिरची भजी असतात. बाहेरच्या दुकानात वेफर्सच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या असतात, नेमक्या सहावी-सातवीच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. शीतपेयाच्या २५० मिलिलिटर बाटलीत साधारण २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. पिण्याच्या पाण्याचा नळ स्वच्छ नसला की मूल त्या बाटलीकडे वळते; त्यामुळे नळाची निगा हासुद्धा वजनाचाच प्रश्न आहे. भाजी-पावाला मात्र सरसकट बदनाम करणे योग्य नाही. पदेराकडची, म्हणजे गावच्या पाववाल्याकडची, कोंड्याची पोई (गव्हाच्या कोंड्याचा पाव) आणि वाटाण्याची पातळ भाजी हा चांगला नाश्ता आहे. मैद्याच्या पावात तळलेले भजे आले की हिशेब बदलतो.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार मेद, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत विकता येत नाहीत. तंबाखूसाठी हेच अंतर १०० यार्ड आहे. दक्षिण कोरियाने २००९ पासून शाळांभोवती २०० मीटरचा पट्टा राखला आहे. गोव्याच्या गावात शाळा, देऊळ, पंचायत आणि बसथांबा अनेकदा एकमेकांना लागूनच असतात. तिथे ५० मीटर म्हणजे रस्ता ओलांडून चार पावले. शिवाय मुलांना घरी नेणारी बस थांबते ती त्याच दुकानांसमोर. नियम कागदावर न राहता पाळला जावा, तर खाद्यपदार्थांच्या हातगाड्यांना परवानगी देणाऱ्या पंचायती-पालिकांनी हे अंतर स्वतः मोजले पाहिजे. मात्र पोटासाठी गाडा लावणाऱ्या बाईला हुसकावून प्रश्न सुटत नाही. तिथेच उकडलेले चणे, केळी, शहाळी विकायला तिला वाव द्यावा.

अंतराला महत्त्व आहे याचा एक चांगला पुरावा कॅलिफोर्नियातून आला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शाळेपासून एक दशांश मैलाच्या (सुमारे १६० मीटर) आत फास्टफूडचे दुकान असेल तिथे नववीच्या मुलांतील स्थूलतेचे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेले दिसले. दुकान पाव मैलावर (सुमारे ४०० मीटर) असले की हा परिणाम आढळला नाही. सर्वच अभ्यास इतके स्पष्ट बोलत नाहीत.

खाण्याइतकेच महत्त्व हालचालीला. ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार व्यायाम हवा. बालरथ या सरकारी योजनेतल्या शाळेच्या बसमुळे दूरच्या वाड्यांवरची मुले, विशेषतः मुली, शाळेत टिकल्या. ही मोठी गोष्ट आहे. पण जवळच्या मुलांचेही चालणे त्यात गेले. आईबापांना दोष कसा द्यावा? पदपथ नसलेल्या, वळणावळणाच्या रस्त्यावर कोण मुलाला एकटे सोडेल? दुपारी शिकवणी, संध्याकाळी मोबाइल. जून ते सप्टेंबर पावसात मैदान चिखलाने भरते, आणि छप्पर असलेली जागा नसेल तर शारीरिक शिक्षणाचा तास वर्गातच सरतो. भातकापणीनंतर रिकाम्या शेतात फुटबॉल रंगतो खरा, पण तिथे मुली क्वचितच दिसतात. पाळी सुरू झाल्यावर स्वच्छ, बंद होणारे स्वच्छतागृह नसेल तर त्या खेळाच्या तासालाही बाजूला बसतात. जाड मुलाला कवायतीत हसले गेले की तोही मैदानापासून तुटतो, आणि वजन आणखी वाढते.

सरकारी आणि अनुदानित शाळांतील माध्यान्ह आहार गोव्यात प्रामुख्याने महिलांचे स्वयंसहाय्य गट पुरवतात. त्यातही भाजी-पाव नेहमीचा. ही योजना आठवीपर्यंतच आहे. नववीत गेलेले, सर्वाधिक भूक लागणाऱ्या वयातले मूल त्यानंतर डबा किंवा फाटकाबाहेरचा गाडा यांवरच राहते.