राइझर स्लीव्ह (जड पोलादी कास्टिंगसाठी)

पोलादाचा रस साच्यात गोठताना आकसतो. नुसत्या गोठण्याच्या टप्प्यावरच साध्या कार्बन पोलादाचे घनफळ सुमारे 3 टक्क्यांनी घटते. ही तूट भरायला कास्टिंगला (साच्यात ओतून घडवलेल्या वस्तूला) जोडून जो जादा रस ठेवतात तो राइझर, आणि त्याच्याभोवतीची उष्णता धरून ठेवणारी नळी म्हणजे स्लीव्ह. राइझर शेवटी गोठला नाही, तर श्रिंकेजची (आकसण्याची) पोकळी कास्टिंगमध्येच उतरते.

निवडीची सुरुवात मोड्युलसने करावी. मोड्युलस म्हणजे घनफळ भागिले थंड होणारे पृष्ठफळ. 600 मिमी बाजूच्या घन ठोकळ्याचा मोड्युलस 10 सेंमी येतो. राइझर कास्टिंगनंतर गोठावा म्हणून त्याला याच्या 1.2 पट, म्हणजे 12 सेंमी हवा. व्यास आणि उंची सारखी धरली आणि कास्टिंगला चिकटलेला तळ थंड होणाऱ्या पृष्ठफळात मोजला नाही, तर नुसत्या वाळूच्या साच्यात (स्लीव्हशिवाय) राइझर 60 सेंमीचा होतो आणि वजन 1.3 टनांवर जाते. ठोकळाच मुळात 1.7 टनांचा. मोड्युलस 1.3 पट वाढवणारी स्लीव्ह घातली, की 46 सेंमीत आणि 600 किलोंत काम भागते. तेवढा रस वितळवायचा वाचतो, फेटलिंगला (गोठलेला राइझर कापून कास्टिंग साफ करायला) गॅस कटिंगही कमी.

पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या पट्ट्यात एक्झोथर्मिक (स्वतः पेटून उष्णता देणारी) आणि इन्सुलेटिंग (फक्त उष्णता अडवणारी) हे दोन्ही शब्द रोजचे आहेत. एक्झोथर्मिक स्लीव्हमधली ॲल्युमिनियमची भुकटी आणि लोहऑक्साइड पेटून काही मिनिटांत संपतात. लहान राइझरला एवढी ऊब पुरते. जड राइझर मात्र तासन्‌तास गोठत असतो. तिथे पेटण्यापेक्षा टिकणे मोलाचे. म्हणून इन्सुलेटिंग, किंवा जळून गेल्यावरही न ढासळता उष्णता अडवणारी मिश्र स्लीव्ह घ्यावी, आणि तिची जाडी व्यासाच्या मानाने वाढवावी. पुरवठादाराकडून मोड्युलस वाढीचा आकडा त्याच व्यासासाठी मागून घ्यावा. लहान व्यासाचा आकडा मोठ्याला चालत नाही.

वरचे तोंड उघडे ठेवले, तर चांगली स्लीव्हही वाया जाते. 4 इंच व्यासाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या पोलादी राइझरची मोजणी प्रसिद्ध आहे: वाळूत तो 5 मिनिटांत गोठला, नुसत्या स्लीव्हने 7.5, नुसते तोंड झाकून 13.4, आणि दोन्ही केल्यावर 43 मिनिटांत. इतक्या तापमानाला पोलाद वरून किरणोत्सर्जनाने भराभर उष्णता गमावते. त्यामुळे ओतणे संपताच हॉट टॉपिंग पावडर (राइझरचे तोंड झाकणारी भुकटी) टाकलीच पाहिजे.

पुण्याच्या पावसाळ्यात स्लीव्ह दमट होतात. ओलसर स्लीव्हमधून वायू सुटतो, पोलादात हायड्रोजन शिरतो. खोकी जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचावीत आणि शंका आली तर स्लीव्ह वाळवूनच साच्यात बसवावी.