12 टक्के फ्लॅट म्हणजे नेमके किती टक्के?

कोकणातल्या महाविद्यालयांत आता गणिताच्या विद्यार्थ्यांकडूनही गटाने धंद्याचे प्रकल्प करून घेतले जातात. पाच-सहा जणांचा गट, एक कल्पित उद्योग आणि त्याचा खर्च, कर्ज, विक्री, नफा असा सगळा हिशेब. विषय आपल्या मातीतलेच असतात. कोकम आगळ, फणसाचे वेफर्स, आंब्याचा पल्प, समुद्राजवळचा होमस्टे आणि सर्वांत लाडका म्हणजे काजू प्रक्रिया. मला हे प्रकल्प मनापासून आवडतात, कारण वर्गात कोरडी वाटणारी भूमिती श्रेढी इथे थेट घरच्या पैशांना हात घालते.

या प्रकल्पांच्या कर्जाच्या पानावर एक वाक्य मात्र वारंवार भेटतं: ‘बँकेचा दर 13 टक्के आहे, खासगी कंपनीचा 12 टक्के फ्लॅट, म्हणून आम्ही दुसरा पर्याय निवडला.’ मुलांचंच नव्हे, घराघरांतल्या मोठ्यांचंही हेच मत असतं. दुचाकी, रिक्षा, होडीचं इंजिन असं कशाचंही कर्ज काढताना ‘फ्लॅट’ हा शब्द कानाआड जातो आणि 12 हा आकडा तेवढा लक्षात राहतो.

काजूचं युनिट टाकायला 3 लाख रुपये 3 वर्षांसाठी घेतले असं धरू या. फ्लॅट पद्धतीत, म्हणजे मुदतभर पूर्ण मूळ रकमेवर, 12 टक्के दराने व्याज होतं 36,000 रुपये वर्षाला, म्हणजे 3 वर्षांचे 1,08,000. ते मुद्दलात मिळवायचं, 4,08,000 ला 36 ने भागायचं, हप्ता आला 11,333 रुपये. शाळेतलं सरळव्याज, बस्स. बँकेच्या 13 टक्क्यांत व्याज शिल्लक राहिलेल्या मुद्दलावर लागतं. तिथे हप्ता येतो 10,108 रुपये आणि एकूण व्याज सुमारे 63,900. म्हणजे ‘एक टक्का स्वस्त’ कर्जाचा हप्ता दरमहा 1,225 रुपयांनी जास्त आहे आणि 3 वर्षांत त्यापायी 44,000 रुपयांहून अधिक जादा जातात. मुदत सारखी असेल तर हप्ते शेजारी ठेवून हे कुणालाही दिसेल. पण एक जण 24 महिन्यांचा हप्ता सांगतो, दुसरा 48 महिन्यांचा आणि तुलना तिथेच अडते.

गोम अशी आहे की फ्लॅट हिशेबात तुम्ही 3 वर्षं पूर्ण 3 लाख वापरता असं गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात पहिल्या हप्त्यापासून मुद्दल परत जायला लागतं. शेवटच्या वर्षी तर मूळ रकमेचा लहानसा भागच तुमच्याकडे असतो. वरच्या कर्जात 36 महिन्यांची सरासरी काढली तर तुमच्याकडे राहिलेली रक्कम साधारण 1 लाख 70 हजार येते. व्याज भरलं 3 लाखांचं, वापरले सरासरी 1 लाख 70 हजार.

मग खरा दर किती? याचं उत्तर शोधण्याची रीत मला इतकी सुंदर वाटते की आता तिथेच जरा रेंगाळणार आहे. कागद-पेन्सिल जवळ असेल तर उत्तम.

पैशाला तारीख असते, ही या गणिताची पहिली पायरी. महिन्याला 1 टक्का व्याज मिळत असेल तर आजचे 100 रुपये पुढच्या महिन्यात 101 होतात. उलट बाजूने, पुढच्या महिन्यात येणाऱ्या 101 रुपयांचं आजचं मूल्य 100. म्हणजे एक महिना मागे यायचं तर 1.01 ने भागायचं, दोन महिने मागे यायचं तर दोनदा भागायचं. मासिक दर द धरला, तर 1 ला (1 + द) ने भागून येणाऱ्या संख्येला म म्हणू. पहिल्या हप्त्याचं आजचं मूल्य हप्ता गुणिले म, दुसऱ्याचं हप्ता गुणिले म चा वर्ग, तिसऱ्याचं घन, असं 36 पर्यंत. या सगळ्यांची बेरीज आज हातात पडलेल्या 3 लाखांइतकी यायला हवी. जो दर ही बरोबरी साधतो तो कर्जाचा खरा दर.

36 पदांची बेरीज हाताने करायची गरज नाही. बेरजेला ब म्हणा. ब ला म ने गुणलं की प्रत्येक पद एक घर पुढे सरकतं. आता मूळ ब मधून हे सरकलेलं रूप वजा करा. मधली 35 पदं एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतं पहिलं पद वजा 37 वा घात. थोडी आवराआवर केली की बेरीज येते: 1 वजा म चा 36 वा घात, भागिले द. बँकेतला संगणक तुमचा हप्ता काढतो तो याच दोन ओळींतून. अकरावीतल्या पुस्तकात ही युक्ती भूमिती श्रेढीच्या प्रकरणात असते, पण कर्जाशी तिची गाठ तिथे फारशी कुणी घालून देत नाही.

दर माहीत असेल आणि हप्ता काढायचा असेल तर सूत्र तयार आहे. पण आपला प्रश्न उलटा आहे. हप्ता माहीत आहे, मुद्दल माहीत आहे, दर हवा. व्याजाचा दर अज्ञात ठेवून तो शोधण्याची हौस आपल्याकडे फार जुनी. इ.स. 499 च्या सुमारास आर्यभटाने ‘आर्यभटीया’तल्या गणितपादात असाच एक नियम दिला आहे. उदाहरण घेऊ: मुद्दल 100, त्याचं महिन्याचं व्याज किती ते माहीत नाही. आलेलं व्याज त्याच दराने पुढे 4 महिने कर्जाऊ दिलं आणि व्याजासकट 6 झालं, तर मूळ व्याज किती? नियम सांगतो: 6, 4 आणि 100 यांचा गुणाकार करा, त्यात 50 चा वर्ग मिळवा, वर्गमूळ घ्या, 50 वजा करा, 4 ने भागा. 2400 अधिक 2500 म्हणजे 4900, वर्गमूळ 70, त्यातून 50 गेले 20, भागिले 4, उत्तर 5. पडताळा: 5 रुपयांवर महिन्याला 5 टक्क्यांनी 4 महिन्यांचं व्याज 1 रुपया, एकूण 6. दर अज्ञात धरताच समीकरण वर्गसमीकरण झालं आणि त्याचा नियम म्हणजे ते वर्ग पूर्ण करून सोडवणंच.

आपलं समीकरण मात्र म च्या 36 व्या घातापर्यंत जातं. नॉर्वेचा गणिती आबेल याने 1824 मध्ये सिद्ध केलं की पाचव्या घाताच्या सर्वसाधारण समीकरणाला वर्गसमीकरणासारखं, वर्गमूळ-घनमूळ अशी मुळं काढून उत्तर देणारं सूत्र असूच शकत नाही. त्यावरच्या घातांचंही तेच. म्हणजे एवढ्याशा काजू युनिटच्या कर्जाचा दर एका सूत्रात संख्या घालून काढण्याचा रस्ता बंद.

सूत्र नाही म्हणून उत्तर नाही, असं मात्र नाही. दर वाढवला की हप्त्यांचं आजचं मूल्य घटतं, नेहमीच घटतं, मध्ये कुठे वर जात नाही. एवढी एक गोष्ट पुरते. मासिक 1 टक्का धरा, 36 हप्त्यांचं आजचं मूल्य येतं 3,41,218. आपल्याला 3,00,000 हवे, म्हणजे दर याहून जास्त. 2 टक्के धरा, येतात 2,88,873. आता दर याहून कमी. उत्तर 1 आणि 2 च्या मध्ये कोंडलं गेलं. मधला 1.5 घ्या: 3,13,488, अजून जास्त. मग 1.75: 3,00,817, जवळ आलो. 1.875: 2,94,758, पुढे गेलो. दर खेपेला उरलेलं अंतर निम्मं होतं, शब्दकोशात पान मधोमध उघडून शब्द मागे आहे की पुढे हे बघत जावं तसं. दहा खेपांत 1 टक्क्याची जागा हजाराव्या भागाहून लहान होते. उत्तर स्थिरावतं 1.767 च्या आसपास. गुणिले 12 केले की वर्षाचा दर 21.2 टक्के. व्याजावर व्याज धरून चक्रवाढीने मोजलं तर 23.4 टक्के.

12 टक्के म्हणून घेतलेलं कर्ज हे आहे.

‘फ्लॅट दराची दुप्पट करा’ अशी एक सोपी रीत बाजारात चालते. ती अंदाजाला ठीक, पण इथे 24 देते, म्हणजे जास्तच. हप्ता समान असेल तर सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा आणि मुद्दलाचा लहान असतो. मुद्दल उशिरा फिटतं, म्हणून सरासरी शिल्लक निम्म्याहून थोडी वर राहते आणि खरा दर दुपटीच्या खाली.

यावर प्रक्रिया शुल्क वेगळं. 3 लाख मंजूर करून 6,000 आधीच कापून घेतले तर हातात 2,94,000 येतात, हप्ता तोच. पुन्हा निम्मं-निम्मं करत गेलं की दर 22.7 टक्क्यांवर जातो. रिझर्व्ह बँकेने याच कारणासाठी 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांना आणि लहान-मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांना ठळक माहितीचं पत्रक सक्तीचं केलं आहे. त्यात शुल्क धरून येणारा वार्षिक दर लिहावा लागतो आणि पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. मराठीत मागा, तो आपला हक्क आहे. प्रकल्पाच्या पानावरही मुलांनी हाच दर लिहावा असा माझा आग्रह असतो.

इथे एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. नवा धंदा काढण्याआधी आपल्याकडे देवळात जाऊन कौल लावतात. ज्याची श्रद्धा आहे त्याने जरूर लावावा. पण कौल मिळाला म्हणून कर्जाच्या कागदावर न वाचता सही करणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि कौलातून व्याजदर कळत नाही. तसंच ‘10 महिन्यांत दुप्पट’ वाल्या योजनांचं. 10 महिन्यांत दुप्पट म्हणजे वर्षात 2 चा 1.2 वा घात, जवळपास 2.3 पट, म्हणजे वर्षाला 130 टक्के परतावा. कुठला प्रामाणिक धंदा तुमच्या पैशांवर सातत्याने एवढं कमावून शिवाय तुम्हाला वाटेल, एवढा प्रश्न तरी विचारावा.

काजूकडे परत येतो, कारण कर्जाचा दर विक्रीच्या हिशेबातही शिरतो आणि मुलं तो तिथे विसरतात. काजू बी उन्हाळ्यात येते. वर्षभराची बी तेव्हाच घेऊन, वाळवून साठवावी लागते. फोडणी, सोलणी मग महिनोन्‌महिने चालते. साधारण 4 किलो बीला 1 किलो काजूगर पडतो. बी 150 रुपये किलो धरली तर एका किलो गरात 600 रुपयांची बी आहे. ती एप्रिलला घेऊन गर सप्टेंबरात विकला, तर मासिक 1.767 टक्क्यांनी त्या 600 चे 655 होतात. बॉयलरचं जळण, मजुरी, पॅकिंग यांच्या यादीत हे 55 रुपये कुठेच नसतात. ते गोदामात, पोत्यांत, न दिसता वाढत असतात. नफा किलोमागे 50 रुपये लिहिलेला प्रकल्प या एका ओळीने तोट्यात जातो.

आता या गणिताची एक खोडी, ज्यांना इथवर दम आहे त्यांच्यासाठी. कर्जाच्या बाबतीत एकच दर निघतो याची खात्री काय? 36 व्या घाताच्या समीकरणाला अनेक मुळं, म्हणजे उत्तरं, असतात. इथे फ्रेंच गणिती देकार्तचा 1637 चा नियम कामी येतो: पदांची चिन्हं ओळीने लिहा, ती जितक्या वेळा बदलतात त्याहून जास्त धन मुळं नसतात. कर्जात पैसा आधी आत येतो, मग 36 वेळा बाहेर जातो. चिन्ह एकदाच बदलतं, म्हणून धन मूळ नेमकं एक. आणि हप्त्यांची बेरीज मुद्दलाहून जास्त आहे, म्हणून दरही धन.

पण एका गटाला चिऱ्याच्या खाणीचा विषय सुचला तर? आज 1,00,000 घालायचे. वर्षाने चिरे विकून 2,30,000 आले. त्याच्या पुढच्या वर्षी खड्डा बुजवून जमीन पूर्ववत करून द्यायची, त्याला 1,32,000 लागले. आकडे मी रचलेले आहेत, पण आकार खरा आहे. उणे, अधिक, उणे. चिन्ह दोनदा बदललं. परताव्याचा दर काढायला बसलात तर 10 टक्के हेही उत्तर येतं आणि 20 टक्के हेही, आणि दोन्ही तंतोतंत बरोबर. वर्गसमीकरण आहे, करून बघा. स्प्रेडशीटला विचारलं तर ते सुरुवातीच्या अंदाजाच्या जवळ सापडलेलं एक उत्तर देऊन गप्प बसतं, आणि सादरीकरणात ‘परतावा 20 टक्के’ अशी पाटी झळकते.

तिन्ही आकडे नुसते बेरजेला घ्या: उणे 1,00,000, अधिक 2,30,000, उणे 1,32,000. उत्तर उणे 2,000. खिशातून पैसे गेलेच आहेत. अशा ठिकाणी एका टक्केवारीवर विसंबण्याऐवजी आडव्या अक्षावर दर आणि उभ्या अक्षावर धंद्याचं आजचं मूल्य घेऊन आलेख काढायला मी गटांना सांगतो. या खाणीचा आलेख शून्याच्या खाली सुरू होतो, 10 टक्क्यांना रेषा ओलांडून वर येतो, 20 टक्क्यांना पुन्हा खाली जातो. मधलं शिखर 14.8 टक्क्यांच्या जवळ आहे आणि त्याची उंची, लाख रुपये गुंतवून, 189 रुपये.