आजारपणातली पाच वर्षे आणि एक धम्मग्रंथ

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ तिथे हमखास असतो. तो जाडजूड ग्रंथ हातात घेतला की मला आधी आठवतात ते बाबासाहेबांचे पाय. १९४७ पासून ते पाय त्यांना रात्र रात्र झोपू देत नव्हते. मधुमेह आधीपासूनच होता. त्यातून मज्जातंतूंचा दाह सुरू झाला आणि नेमक्या त्याच काळात संविधानाच्या मसुद्याचे ओझे खांद्यावर होते. मुंबईत डॉ. मालवणकरांकडे उपचार चालू असताना तिथेच काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांची भेट झाली. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचा विवाह झाला. त्याच पुढे माईसाहेब. घरात डॉक्टर असणे ही त्या वेळी बाबासाहेबांची गरजच होती.

ग्रंथाचे बीज १९५० सालचे. कलकत्त्याच्या महाबोधी सोसायटीच्या मासिकाच्या वैशाख अंकासाठी त्यांनी बुद्ध आणि त्याच्या धम्माचे भवितव्य या विषयावर लेख लिहिला. बौद्ध वाङ्मय अफाट आहे, ते सगळे वाचणे कुणाला शक्य नाही, तेव्हा सामान्य माणसाला हाती धरता येईल असा एक ग्रंथ हवा, असे त्यांनी त्यात मांडले. वाचकांनी तोच आग्रह त्यांच्याकडे धरला. १९५१ साली लेखन सुरू झाले. त्याच वर्षी हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून त्यांनी मंत्रिपद सोडले. साठी गाठलेला, मधुमेहाने पोखरलेला माणूस पुन्हा त्रिपिटक, म्हणजे बौद्धांचे मूळ धर्मग्रंथ, उघडून बसला होता.

पुढच्या पाच वर्षांत काम सरळ चालले नाही. तब्येत जरा सावरली की लिखाण, पुन्हा ढासळली की अंथरूण. दिल्लीतल्या २६, अलीपूर रोडच्या बंगल्यात नानकचंद रत्तू सरकारी कचेरीतले काम आटोपून येत आणि बाबासाहेबांनी लिहिलेली पाने टंकलिखित करत. त्यासाठी ते पैसे घेत नसत. या ग्रंथाविषयी बोलताना रत्तूंचे नाव मागे पडते, याची मला खंत वाटते.

१९५६ च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी या दिवसांची कबुली स्वतःच दिली आहे. प्रकृती एवढी खालावली होती की डॉक्टर त्यांच्याविषयी विझत चाललेल्या ज्योतीसारखे बोलू लागले होते. ती ज्योत पुन्हा पेटवल्याचे श्रेय त्यांनी माईसाहेबांना आणि डॉ. मालवणकरांना दिले. शाळकरी वयात आपल्याला बुद्धचरित्र भेट देणाऱ्या केळुसकर गुरुजींचीही आठवण त्यांनी तिथे काढली. मात्र ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत ही प्रस्तावना छापली गेली नाही. बाबासाहेबांच्या मृत्यूवरून माईसाहेबांना पुढे जे आरोप सोसावे लागले, ते पाहता ती पाने वाचकांसमोर तेव्हाच यायला हवी होती, असे मला ठामपणे वाटते.

छपाईच्या खर्चाचा घोर वेगळाच. सप्टेंबर १९५६ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून, बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षानिमित्त सरकारने ५०० प्रती घ्याव्यात, अशी विनंती केली. त्यासाठीची तरतूद संपली आहे, असे उत्तर आले. महिन्याभरात, १४ ऑक्टोबरला, काठीच्या आधाराने ते नागपूरच्या व्यासपीठावर उभे राहिले आणि लाखो लोकांसह त्यांनी धम्म स्वीकारला. त्या लोकांसाठी लिहिलेला ग्रंथ अजून छापून व्हायचा होता.

५ डिसेंबरच्या रात्री त्यांनी रत्तूंकडून प्रस्तावनेची टंकलिखित पाने मागून घेतली. झोपण्यापूर्वी त्यांवर हात फिरवायचा होता. ६ डिसेंबरच्या सकाळी ते उठले नाहीत. ग्रंथ १९५७ साली मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनाने काढला.

खरे तर योजना एका ग्रंथाची नव्हतीच. त्या प्रस्तावनेत त्यांनी तीन पुस्तकांचा संच सांगितला आहे. उरलेली दोन म्हणजे बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना, आणि प्राचीन भारतातील क्रांती व प्रतिक्रांती. त्यांची अपुरी हस्तलिखिते महाराष्ट्र शासनाने १९८७ साली समग्र वाङ्मयाच्या तिसऱ्या खंडात छापली.