कॉर्डवेनर : एका शहराचं नाव लागलेला जोडेवाला

इंग्रजीत नवे जोडे शिवणाऱ्या कारागिराला पूर्वी 'कॉर्डवेनर' म्हणत. दोरीसाठी असलेल्या 'कॉर्ड' या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. शब्दाचं मूळ आहे स्पेनमधलं कोर्दोबा शहर. दहाव्या शतकात ती अंदालुसियाची, म्हणजे मुस्लिम सत्तेखालच्या स्पेनची राजधानी होती, आणि तिथलं बकऱ्याचं मऊ, टिकाऊ कातडं युरोपभर नावाजलेलं होतं. फ्रेंचांनी त्या कातड्याला शहराचंच नाव दिलं आणि त्याचे जोडे शिवणाऱ्यालाही. 1066 मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर या राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्लंडात रुजला. फ्रान्समध्ये मात्र पुढे लोकांना त्यात दोरी दिसू लागली आणि शब्दाचं 'कॉर्दोनिए' झालं. कोर्दोबा त्यातून पुसलं गेलं, इंग्रजीत ते टिकलं.

आपल्याकडे गावाचं नाव कोल्हापुरी चपलेला लागलं, ती घडवणाऱ्याला नाही. 'चांभार' हा शब्द 'चर्मकार'वरून, म्हणजे कातड्यावरूनच आला. म्हणून कॉर्डवेनर मला फार वेगळा वाटतो. हजार मैलांवरच्या, कधी न पाहिलेल्या शहराचं नाव लंडनचा कारागीर मानाने मिरवत होता.

तो मान खरोखरच जपला जाई. लंडनच्या कॉर्डवेनरांच्या संघाची नियमावली 1272 सालची, राजाची सनद 1439 ची. कॉर्डवेनर नव्या कातड्याचे नवे जोडे करी. 'कॉबलर' जुने जोडे दुरुस्त करी, जुन्याच कातड्यावर काम करी. कोणाच्या हातात कोणतं कातडं असावं, यावरून दोघांत पिढ्यान् पिढ्या तंटे झाले. आपण दोघांनाही सरसकट 'मोची' म्हणून मोकळे होतो. त्या काळच्या लंडनमध्ये कॉर्डवेनरला कॉबलर म्हटलेलं त्याला मुळीच खपलं नसतं.

लंडनच्या जुन्या शहरातला एक वॉर्ड आजही कॉर्डवेनर याच नावाने ओळखला जातो.

शब्द समुद्रापार अमेरिकेतही गेला. तिथे फिलाडेल्फियातल्या मजुरीवर राबणाऱ्या कॉर्डवेनरांनी एकजूट केली आणि 1805 मध्ये मजुरीवाढीसाठी काम बंद ठेवलं. पुढच्या वर्षी न्यायालयाने आठ जणांना कट केल्याबद्दल दोषी ठरवलं. मजुरी वाढवून घेण्यासाठी एकत्र येणं हाच गुन्हा! प्रत्येकाला आठ डॉलर दंड झाला, वर खटल्याचा खर्च. अमेरिकी कामगार चळवळीच्या इतिहासात पहिल्या मोठ्या खटल्यांत हा मोजला जातो, आणि तो आजही कॉर्डवेनरांचा खटला म्हणूनच ओळखला जातो.